ब्लू-आईड ग्रास ओळखताना या चुका टाळा

मे महिना लागला की अमेरिकेतल्या इलिनॉयच्या प्रेअरीवर, म्हणजे गवताळ माळावर, फिरणाऱ्या नव्या मंडळींचे फोटो यायला लागतात आणि दरवर्षी तेच, निळ्या फुलाचा वरून काढलेला क्लोजअप, सहा पाकळ्या, मधे पिवळं, आणि खाली प्रश्न "ही कोणती जात?" अरे बाबांनो, नुसत्या फुलावरून नाही सांगता येत! इथे नेहमी भेटणाऱ्या ब्लू-आईड ग्रासच्या, म्हणजे सिसिरिंकियमच्या, तिन्ही जातींचं (अल्बिडम, कॅम्पेस्ट्रे, अँगस्टिफोलियम) फूल डोळ्याला सारखंच दिसतं.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. मागे एका ग्रुपवॉकला एका दादांनी पांढरट फूल बघितलं आणि अल्बिडम म्हणून मोकळे झाले. मी म्हटलं दांडी बघा आधी, तर म्हणे कशाला, अॅप पण तेच सांगतंय. अॅपला दिलं काय होतं, तर फुलाचा एक फोटो! मग मीच बसले गुडघ्यावर, चिखलात, भिंग काढलं. दांडी सरळ, फाटा नाही, आणि टोकाला स्पेथ, म्हणजे कळ्यांना धरून असलेलं हिरवं म्यान, एकच. कॅम्पेस्ट्रे निघालं. अल्बिडमला टोकाशी बहुतेक दोन म्यानं, बिनदेठाची, एकमेकांना खेटून. आणि दांडी रुंद चपटी, मधल्या पानापाशी फाटे फुटलेत, प्रत्येक फाट्यावर आपापलं म्यान, असं असेल तर अँगस्टिफोलियम. पांढरी फुलं कॅम्पेस्ट्रेलाही येतात आणि अल्बिडमलाही, निळीही दोघांना येतात. दादा ऐकून घेत होते, पण मोबाईल काही खिशात गेला नाही.

म्हणून माझी सवय, फुलाचा फोटो सगळ्यात शेवटी. आधी बुंधा, मग अख्खी दांडी, मग म्यान बाजूने. मागे हात धरायचा, नाहीतर कॅमेरा मागच्या गवतावर फोकस करतो. तोडून घरी न्यायची गरजच पडत नाही, आणि प्रिझर्वमधे, म्हणजे राखीव जागेत, तोडायचं नसतंच.

संध्याकाळी शोधायला जाऊ नका, दुपारनंतर फुलं मिटतात. ढगाळ दिवशीही तेच रडगाणं.

फूल नसताना गवत समजून उपटणारे व्हॉलंटियर हा वेगळाच वैताग. ब्लू-आईड ग्रास हे आयरिसच्या घराण्यातलं, गवत नव्हेच. बुंध्याशी पानं चपटी, एकात एक बसलेली, पंख्यासारखी पसरलेली असतात. बोट फिरवून बघा, गुळगुळीत लागतात. पान केसाळ लागलं तर ती बहुधा हायपॉक्सिस नावाची दुसरीच वनस्पती, तिला पिवळं फूल येतं, आणि तीही इथलीच आहे, तिलाही उपटू नका.