सरांना शाल नको, स्टेज द्या: शिक्षकांच्या कलेचा कार्यक्रम कसा करायचा

रिटायर झालेल्या कुठल्याही सरांचं कपाट उघडा, शालींचा ढीग असतो, त्यात आपली अजून एक कशाला. त्यापेक्षा माजी विद्यार्थ्यांनी, म्हणजे आपण बॅचवाल्यांनी मिळून सर-बाईंना स्वतःला काय येतं ते लोकांसमोर आणा.

तारीख म्हटलं की सगळे ५ सप्टेंबर म्हणतात, १९६२ पासून तोच शिक्षक दिन आहे, पण तेव्हा आपल्या सांगलीत पाऊस आणि बऱ्याचदा गणपतीची गडबड. २२ सप्टेंबरला कर्मवीर अण्णांची, म्हणजे भाऊराव पाटलांची जयंती, त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा आधीच बिझी. मला विचाराल तर ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, त्यांचं नायगाव पण शेजारच्या सातारा जिल्ह्यातलंच, आणि शाळेचं गॅदरिंग त्याच सुमाराला असेल तर मांडव-साउंडचा खर्च पण वाचतो.

आता खरं काम म्हणजे कुणाला काय येतं ते शोधणं. थेट सरांना विचारू नका, "मला कुठं काय येतंय" असंच म्हणणार. घरच्यांना विचारा, शाळेच्या शिपाईमामांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. गणिताचे सर पेटी वाजवतात, मराठीच्या बाई ओव्या रचतात असलं काहीतरी निघतंच, आणि सांगली पडली नाट्यपंढरी, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथंच सीतास्वयंवर केलं, त्यामुळं नाटकात काम केलेला एखादा तरी सर स्टाफरूममध्ये सापडेलच. गाणं असेल तर तानपुऱ्याची चिंता नको, तानपुरे बनवणारं मिरज जवळच आहे.

जे स्टेजवर यायला लाजतात त्यांच्यासाठी एक वर्ग मोकळा करून घ्या. झेडपीच्या शिक्षकांनी पुठ्ठ्यातून, बाटलीच्या झाकणांतून केलेलं शैक्षणिक साहित्य, हातानं काढलेले नकाशे तिथं मांडा, खाली चिठ्ठी लावा, कुणी कुठल्या वर्गासाठी केलं. एक फळा आणि रंगीत खडू ठेवा, फलकलेखनवाले सर तिथंच सुरू होतात, गर्दी पण तिथंच होते बघा. जे सर आता नाहीत त्यांच्या घरच्यांना बोलवा, वस्तू त्यांच्याकडून मागून घ्या.

प्रत्येकाला दहा मिनिटं, एकूण दोन तास, बास. पुढाऱ्यांना बोलवायचंच असेल तर पहिल्या रांगेत बसवा पण माइक देऊ नका, नाहीतर बाईंचं गाणं राहून जातं. म्हाताऱ्या सरांना आणायला-सोडायला गाडी ठरवा, स्टेजला कठडा असलेली पायरी हवी. खायला भडंग-चहा पुरे.

मांडलेल्या वस्तूंची यादी करून ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी ज्याच्या त्याच्या घरी पोचत्या करा.