पायाच्या जुनाट कळेवर टेन्स: पॅड कुठं लावायचे, करंट किती ठेवायचा

कंबरेतून पोटरीत उतरणारी कळ, गुडघ्याची झीज, ऑपरेशन होऊनही मागं उरलेली ठणक. महिनोन्महिने चालणाऱ्या अशा दुखण्यावर फिजिओथेरपीत टेन्स वापरतात. मोबाइलएवढं बॅटरीचं मशीन, दोन वायरी आणि चार चिकट पॅड, एवढाच पसारा. कातडीवरून सौम्य करंट दिला की स्पर्शाच्या जाड नसा जाग्या होतात आणि दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतच अडतो. मेल्झॅक आणि वॉल यांचा १९६५ चा 'गेट'चा सिद्धान्त तो हाच. यानं दबलेली नस सुटत नाही की झिजलेला गुडघा भरून येत नाही. दुखणं थोडा वेळ दबतं, तेवढ्यात चालणं आणि व्यायाम उरकून घ्यायचा. काहींना मात्र काहीच फरक पडत नाही.

आधी पाय नीट बघा. एकाच पोटरीला अचानक सूज, गरमपणा आणि दुखणं असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. पॅड नको, मालीशही नको. त्याच दिवशी कोल्हापूरचं सीपीआर (सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा. लघवी अडकली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लोंबायला लागलं तरी तसंच. पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनला हात लावू नका. गरोदर बाईच्या पोटा-कंबरेवर, जखमेवर किंवा कॅन्सरच्या जागेवर पॅड नको. थोडं चाललं की पोटरी भरते आणि नुसतं उभं राहिल्यावर कमी होते, अशांनी आधी पायाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावा.

साखर असणाऱ्यांची चाचणी वेगळी. डोळे मिटायला सांगून पॅडच्या जागी कापूस फिरवा, मग गार चमचा टेकवा. दोन्हींपैकी एक जरी कळलं नाही तरी तिथं पॅड लावू नका. करंट जास्त झालेला समजत नाही आणि कातडी भाजते.

पाय साबणानं धुऊन कोरडा करा. खोबरेल किंवा बाम लावला असेल तर पॅड चिकटतच नाही. अर्धा सुटला की सगळा करंट उरलेल्या कोपऱ्यातून जातो आणि सुई टोचल्यासारखं होतं. केस कात्रीनं बारीक करा, वस्तरा नको.

सायटिकाला, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेला, पहिल्या वायरीचा एक पॅड कंबरेच्या हाडाच्या उंचीवर, मणक्याच्या शेजारी, दुखऱ्या बाजूला. दुसरा कुल्ल्याच्या मधोमध. दुसऱ्या वायरीचा एक मांडीच्या मागं. शेवटचा पॅड कळ कुठं जाते त्यावर ठरतो: अंगठ्याकडं जात असेल तर गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचं टोक हाताला लागतं त्याच्या जरा खाली, करंगळीकडं जात असेल तर पोटरीच्या मागं. जागा बरोबर बसली की मुंग्या पावलाकडं उतरतात. नुसत्या पॅडखालीच राहिल्या तर पॅड बोटभर सरकवा. गुडघ्यासाठी वाटीच्या चारी बाजूंना चार पॅड आणि वायरी तिरक्या, म्हणजे करंट सांध्यातून आरपार जातो. दोन पॅडमध्ये किमान एका पॅडएवढं अंतर हवं.

मशीन टेन्सवर ठेवा. ईएमएस मोड स्नायू आकसवायचा आहे. फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती ठोके) ८० ते १०० हर्ट्झ, पल्स (एका ठोक्याची लांबी) १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास. करंट शून्यापासून हळूहळू वाढवा. मुंग्या जोरात जाणवल्या पाहिजेत, पण दुखता कामा नये आणि स्नायू उडता कामा नये. बहुतेकांचं इथंच चुकतं: जेमतेम जाणवेल एवढा करंट ठेवतात आणि 'मशीनचा उपयोग नाही' म्हणून कपाटात टाकतात. दहा मिनिटांत सवय होऊन मुंग्या मंदावतात, तेव्हा थोडं वाढवा. एका वेळी ३० ते ४५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. रोज वापरून परिणाम बोथट झाला तर २ ते ४ हर्ट्झ, २०० मायक्रोसेकंद करून बघा. यात स्नायू ठोक्याठोक्यानं हलतो, तो हलायलाच हवा.

सर्वांत जास्त आराम मशीन चालू असतानाच मिळतो. म्हणून झोपताना लावण्यापेक्षा रंकाळा तलावावर फिरायला निघताना लावून कमरेला अडकवा. गाडी चालवताना, फाउंड्रीत किंवा लेथवर काम करताना मात्र नको. काढताना आधी करंट शून्यावर, मग पॅड.

पॅड साधारण वीस-तीस वेळा चिकटतात. कोरडा पडला तर पाण्याचं बोट फिरवून दोन मिनिटं थांबा. पावसाळ्यात जेल पाणी धरून लिबलिबीत होते. पॅड प्लॅस्टिकच्या पातळ कागदावर चिकटवून बंद पिशवीत ठेवा. कातडीवर लाल चट्टा तासाभरानंतरही राहिला तर जागा बदला.

महिनाभर नीट वापरूनही फरक नसेल, तर वेदना-तज्ज्ञांना मणक्याजवळ बसवायच्या स्टिम्युलेटरबद्दल (मज्जारज्जूला आतूनच करंट देणारं मशीन) विचारा. त्यात आधी बारीक तार आत घालून मशीन बाहेर ठेवतात आणि साधारण आठवडाभर चाचणी घेतात. दुखणं निम्म्यानं तरी उतरलं, तरच ते कातडीखाली कायमचं बसवतात. बसवायच्या आधी एक गोष्ट विचारून घ्या: या मॉडेलवर पुढं एमआरआय चालतो का, आणि शरीराच्या कुठल्या भागाचा.