कोंबड्यांच्या प्रदर्शनातील परीक्षण: शिकू इच्छिणाऱ्यांसाठी काही अनुभव

महाराष्ट्रातील पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ब्रॉयलर आणि लेअर पक्ष्यांच्या शेडवर काम केलेला माणूस अमेरिकेतील कोंबड्यांच्या प्रदर्शनात प्रथम शिरतो, तेव्हा त्याचे निम्मे ज्ञान कामी येते आणि निम्मे आड येते. पक्षी निरोगी आहे की नाही, हे तो चटकन सांगू शकतो. परंतु खाद्याचे मांसात किती रूपांतर झाले किंवा वर्षाला अंडी किती मिळाली, या ज्या हिशेबांवर त्याची नजर घडलेली असते, त्यांना पिंजऱ्यांच्या त्या लांब रांगांमध्ये कोणी विचारत नाही. ओहायोत स्थायिक झाल्यानंतर मी परीक्षकांच्या हाताखाली क्लार्क म्हणून काम करू लागलो आणि अजूनही करतो. इकडे आलेल्या काही मराठी पशुवैद्यांनी आणि हौशी पक्षीपालकांनी या क्षेत्राविषयी विचारणा केली, म्हणून हे लेखन.

आधी मानकांची, म्हणजे प्रत्येक जातीचा आदर्श पक्षी कसा असावा हे सांगणाऱ्या लेखी वर्णनांची, पार्श्वभूमी पाहू. इंग्लंडमध्ये 1835 च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली आणि पुढे पक्षी झुंजवण्याऐवजी मांडून दाखवण्याची हौस वाढली. चीनमधून आलेल्या प्रचंड आकाराच्या कोंबड्यांनी त्या हौसेला उधाण आणले. अमेरिकेत 1849 साली बॉस्टन येथे मोठे प्रदर्शन भरले, पण कोणता पक्षी कशाच्या आधारावर श्रेष्ठ ठरवायचा याविषयी एकवाक्यता नव्हती. इंग्लंडमध्ये पक्षी-अभ्यासक टेगेटमायर यांनी 1865 मध्ये मानकांचे पहिले पुस्तक संपादित केले. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन 1873 मध्ये बफेलो येथे स्थापन झाली आणि तिने पुढच्याच वर्षी आपले मानक छापले. आज ‘स्टँडर्ड ऑफ परफेक्शन’ या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ त्याचाच वारस आहे. नवागताने पहिला खर्च करायचा तो या ग्रंथावर. पक्ष्यांवर नंतर केला तरी चालतो.

हा ग्रंथ वाचताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंदलेल्या आपल्याकडील जातींची वर्णने ही प्रत्यक्ष आढळणाऱ्या पक्ष्यांची, त्यांच्या सरासरीची आणि विविधतेची वर्णने असतात. प्रदर्शनाचे मानक सरासरीविषयी काही बोलत नाही. ते अशा एका पक्ष्याचे चित्र उभे करते, जो अद्याप कोणाच्याही खुराड्यात जन्मलेला नाही. परीक्षक समोरच्या प्रत्येक पक्ष्याची तुलना त्या चित्राशी करतो. ते चित्र मनात पूर्ण उमटले नसेल, तर माणूस नुसते दोष शोधत बसतो, आणि नवशिक्या परीक्षकाचे हे सर्वांत ठळक लक्षण आहे.

चित्र वाचण्याचाही एक क्रम आहे. आकाराने जात ठरते आणि रंगाने उपजात, हे सूत्र इथल्या प्रत्येक जुन्या परीक्षकाच्या तोंडी असते. तरीही डोळा आधी रंगाकडे जातो, कारण रंग लांबूनही दिसतो. मला ज्यांनी शिकवले त्यांची रीत अशी, की रांगेपासून थोडे दूर उभे राहायचे, पक्ष्याला निवांतपणे उभा राहू द्यायचे आणि पाठीची रेषा, शेपटीचा कोन, छातीची खोली व पायांमधले अंतर पाहून होईपर्यंत पिंजऱ्याला हात लावायचा नाही. गडबडलेला पक्षी अंग चोरतो आणि मग त्याचा खरा आकार कळत नाही.

उदाहरणासाठी लाइट ब्रह्मा ही जात घेऊ, कारण तिच्या नावात ब्रह्मपुत्रा आहे, आणि ती घडली मात्र अमेरिकेत, मुख्यतः शांघायहून आलेल्या पक्ष्यांपासून. चितगावकडच्या पक्ष्यांचे रक्तही तिच्यात मिसळल्याचे मानले जाते. पूर्ण वाढलेल्या नराचे मानक वजन 12 पौंड, म्हणजे सुमारे साडेपाच किलो, आणि मादीचे साडेनऊ पौंड असते. दुरून पाहावे तर पांढरा देह, काळी शेपटी आणि मानेवर काळी झाक एवढेच दिसते. जवळ जाऊन डोके पाहिले की खरी परीक्षा सुरू होते. तुरा बुटका, डोक्याला घट्ट बसलेला आणि तीन ओळींचा असतो, त्यातली मधली ओळ उंच. कवटी रुंद असून ती डोळ्यांवर पुढे आलेली असते, त्यामुळे पक्षी किंचित रागावल्यासारखा दिसतो. हे कपाळ अरुंद असेल, तर बाकी पक्षी कितीही मोठा असला तरी चेहरा ब्रह्माचा वाटत नाही. मानेचे एक पीस बोटांत धरून पाहावे. मधला भाग हिरवट चमकीचा काळा हवा आणि त्याच्या कडेने पांढरी किनार अखंड उतरलेली हवी. किनार टोकाशी धुरकट झाली असेल, तर दुरून स्वच्छ दिसणारी मानही गुण गमावते. पायांवर पिसे हवीतच, पण गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्यापासून मागे ताठ, लांब पिसे निघालेली असली, तर या जातीत पक्षी बाद होतो.

रंगाच्या अपेक्षेमुळे पैदाशीची रीत कशी बदलते, हे पाहायचे असेल तर पट्टेदार प्लायमाउथ रॉकपुढे उभे राहावे. पट्ट्यांचे जनुक लिंगसूत्रावर असते; नरात त्याच्या दोन प्रती असतात आणि मादीत एकच, त्यामुळे निसर्गतः नर फिकट आणि मादी गडद दिसते. प्रदर्शनाच्या मांडणीत मात्र दोघांची छटा सारखी दिसावी अशी अपेक्षा धरली गेली, आणि ती पुरी करण्यासाठी अनेक पैदासकार उत्तम नरांसाठी एक आणि उत्तम माद्यांसाठी दुसरा, असे दोन वेगळे वंश पाळू लागले. माझ्या मते हा मानकाचा अतिरेक आहे, परंतु परीक्षकाच्या जागी उभे राहिल्यावर असे मत खिशात ठेवावे लागते.

बाद करणारे दोष आणि गुण कमी करणारे दोष यांत फरक आहे. एकपाती तुऱ्याच्या बाजूला फुटलेला कोंब, एका बाजूला कायमची वळलेली शेपटी, वाकडी चोच, पिसे नसावीत अशा जातीत पायाच्या नळीवर उगवलेले बारीक पीस, यांनी पक्षी सरळ बाद होतो. पंख नेहमी पूर्ण उघडून पाहावा. टोकाकडची पिसे आणि आतल्या बाजूची पिसे यांच्यामध्ये एक आखूड पीस असते. तिथे पिसांच्या रांगेत कायमची फट असेल तर तो दुभंगलेला पंख होय, आणि मिटलेल्या पंखात हा दोष सहज लपतो. बोटेही मोजावीत: डॉर्किंग, हूडॅन, फॅव्हरोल, सुलतान आणि सिल्की यांना पाच हवीत, इतर जातींना चार. बाद करणारे दोष पाठ करता येतात. अवघड असते ते उरलेल्या पक्ष्यांमधले तारतम्य.

क्लार्कचे काम बाहेरून कारकुनी वाटते, पण शिकण्यासाठी त्याहून चांगली जागा नाही. परीक्षक बोलतो आणि क्लार्क क्रमांक व निकाल नोंदवतो. कोणत्या गटात कॉक (एक वर्षावरचा नर), कॉकरेल (त्याहून लहान नर), हेन (एक वर्षावरची मादी) आणि तलंग (त्याहून लहान मादी) किती आहेत हे तपासतो. उपजातीतील सर्वोत्तम पक्षी जातीच्या निवडीला आणि तिथून वर्गविजेत्यांच्या रांगेत वेळेवर पोहोचतो ना, हे पाहतो. पक्षी कोणाचा आहे हे परीक्षकाला कळता कामा नये, म्हणून क्लार्कने ओळखीच्या मालकाचा पक्षी दिसला तरी चेहरा कोरा ठेवावा. परीक्षण चालू असताना न विचारता मत देणाऱ्या क्लार्कला सहसा पुन्हा बोलावणे येत नाही.

हाताळणी लवकर शिकून घ्यावी. पक्षी पिंजऱ्यातून काढताना डोके पुढे, आणि परत ठेवतानाही डोके आत आधी. उलट केले की पंख आणि शेपटी दारात अडकून पिसे मोडतात. तळवा छातीखाली आणि पाय बोटांमध्ये, अशी पकड असली की पक्षी शांत राहतो आणि दुसरा हात मोकळा राहतो. छातीचे हाड सरळ आहे का, अंगावर मांस किती आहे, पिसांच्या मुळाशी उवा आहेत का, हे सारे त्याच पकडीत कळते. आपला असील 1981 पासून अमेरिकन मानकात आहे; तो हातात घेतला की आखूड, कठीण पिसांखालचा घट्ट देह दिसण्यापेक्षा कितीतरी जड लागतो, आणि तेच त्याच्या दर्जाचे लक्षण आहे.

आरोग्याच्या अटी सोप्या आहेत, पण त्यात सूट नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय पोल्ट्री सुधारणा योजनेखाली पुलोरम-टायफॉइड या कोंबड्यांच्या आजाराची चाचणी झाल्याचा दाखला बहुतेक ठिकाणी मागतात, आणि बर्ड फ्लूची साथ असेल तर राज्य सरकारे प्रदर्शनेच थांबवतात. घरी स्वतःचे पक्षी असतील, तर प्रदर्शनाहून परतल्यावर कपडे आणि बूट बदलल्याखेरीज खुराड्याकडे जाऊ नये.

परीक्षकाच्या परवान्याचा मार्ग लांबचा आहे. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनचे सदस्यत्व, परवानाधारक परीक्षकांच्या हाताखालचे क्लार्कचे काम, त्यांच्या शिफारशी आणि मग परीक्षा, असा साधारण क्रम असतो. सध्याच्या अटी संस्थेकडूनच मागवून घ्याव्यात. बँटम, म्हणजे ठेंगण्या जातींसाठी 1914 मध्ये स्थापन झालेली अमेरिकन बँटम असोसिएशन स्वतंत्र आहे आणि तिचे मानकही वेगळे आहे. यातून पोट भरेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. मानधन आणि प्रवासखर्च यांपलीकडे बहुतेकांच्या हाती फारसे काही लागत नाही.

अभ्यासासाठी सर्वांत उपयोगी वेळ परीक्षण संपल्यानंतरची. समजा, दोन ब्रह्मा माद्या आहेत: एकीचे डोके आणि पाठ उत्तम, पण पिसे नुकतीच गळलेली, दुसरी आकाराने बेताची, पण आरशासारखी स्वच्छ. एक परीक्षक आज दिसणाऱ्या पक्ष्याला गुण द्यायचे म्हणून दुसरीला वर ठेवील, तर दुसरा परीक्षक जातीचा आकार सोडायला तयार होणार नाही. अशा वेळी परीक्षकाला बाजूला गाठून, निकालाविषयी कुरकुर न करता, तुम्ही कशाला किती वजन दिलेत, एवढेच विचारावे. बहुतेक जण पिंजरा पुन्हा उघडून, पक्षी हातात घेऊन सांगतात.