एआरटी (एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या) चालू असताना कोरोना झाला तर काय करावं

एक गैरसमज आधी दूर करते. एचआयव्हीच्या गोळ्या खाणाऱ्याला कोरोना होत नाही, हे साफ खोटं आहे. २०२० साली ठाण्याच्या एआरटी सेंटरच्या रांगेत उभी असताना मी हे कितीदा ऐकलं त्याला गणती नाही. त्या वर्षी लोपिनाविर-रिटोनाविर ही आपल्या सेकंड लाइनमधली (पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावर देतात त्यातली) गोळी कोरोनाच्या रुग्णांना देऊन पाहिली होती, त्यातून ही अफवा उठली. वर्ष संपायच्या आत मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. कोरोनावर त्या गोळीचा काही उपयोग नव्हता. तरी अजून कुणी ना कुणी मला तेच ऐकवतं.

उलट, आपल्याला जास्त जपावं लागतं. जुलै २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दवाखान्यात दाखल झालेल्या कोरोना रुग्णांची माहिती मांडली. त्यात एचआयव्ही असलेल्यांना आजार गंभीर होण्याचा किंवा जिवावर बेतण्याचा धोका इतरांपेक्षा ३० टक्के जास्त दिसला. ही बहुतेक माहिती दक्षिण आफ्रिकेतली होती, पण शिकायचं ते शिकावं. सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) २०० च्या खाली असेल, गोळ्या मध्येच तुटल्या असतील, जोडीला साखर किंवा बीपी असेल, तर धोका आणखी वाढतो. नेमाने गोळी घेणाऱ्याचं, व्हायरल लोड (रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण) दबलेल्याचं शरीर या आजाराला बरंच चांगलं तोंड देतं.

थर्मामीटर, ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल आणि महिनाभर पुरतील इतक्या एआरटीच्या गोळ्या घरात आहेत असं धरूनच पुढचं सांगते.

तपासणी

ताप-खोकला आला की कोरोनाची तपासणी करा, पण तेवढ्यावर थांबू नका. खोकला दोन आठवडे रेंगाळला, रात्री घाम फुटतोय, वजन उतरतंय, तर टीबीसाठी थुंकी तपासायला द्या. आपल्यात ‘कोरोनाच असेल’ म्हणून टीबी अंगावर काढलेली माणसं मी पाहिली आहेत. सीडी-फोर २०० च्या खाली असताना कोरडा खोकला आणि चार पावलांत धाप लागत असेल, तर तो वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया असू शकतो. त्याचं औषधही वेगळं असतं. अशा वेळी घरी बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

घरी असताना

भरपूर पाणी, पॅरासिटामॉल, दिवसातून तीन-चार वेळा ऑक्सिमीटर. आकडा ९४ च्या खाली गेला की दवाखाना. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका. टेनोफोविर (एआरटीतलं एक औषध) चालू असताना त्यांचा किडनीवर भार पडतो.

दाखल झाल्यावर

मी इथेच चुकले होते, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

एप्रिल २०२१, दुसरी लाट. ऐरोलीतल्या आमच्या इमारतीत रोज एखाद्या घरावर कागद चिकटत होता. माझा ऑक्सिजन ९१ वर आला आणि भाच्याने मला नवी मुंबईतल्या एका दवाखान्यात नेलं. निघताना माझ्या बहिणीने कानात सांगितलं, “ताई, तिथे काही बोलू नकोस गं, बेड देणार नाहीत.” तिने मायेने सांगितलं आणि मी ऐकलं. गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल खरवडून काढलं आणि बाटली गाऊनच्या घडीत दडवली.

मग काय झालं ते ऐका. माझी गोळी रात्री नऊची. त्या वेळेला वॉर्डात दिवे चालू, समोर सिस्टर, शेजारच्या बेडवरच्या काकू जाग्या. चार रात्री माझी गोळी चुकली. पाचव्या दिवसापासून मी ती सकाळी घ्यायला लागले, दवाखान्याच्या औषधांच्या मुठीत मिसळून, कुणाला कळू नये म्हणून. त्या मुठीत झिंक, मल्टिव्हिटॅमिन आणि पित्ताची गोळी होती. झिंक, कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम हे माझ्या गोळीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाला पोटातच धरून ठेवतात, मग ते रक्तात पुरेसं उतरत नाही. म्हणजे गोळी गिळत होते आणि तिचा गुण मात्र नीट मिळत नव्हता. महिन्याभराने तपासणी झाली तर इतकी वर्षं दबलेला व्हायरल लोड वर आलेला. काउन्सेलर मॅडमनी तासभर बसवून एकेक दिवस विचारला, तेव्हा हे सगळं उलगडलं. पुढचे तीन महिने एकही गोळी न चुकवता काढले आणि आकडा पुन्हा खाली आला. नशीब, विषाणू त्या गोळीला निर्ढावला नाही. तुम्ही असल्या नशिबावर राहू नका.

‘सांगू नका’ हा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका, मग देणारा कितीही जवळचा असो. ज्या डॉक्टरला तुमच्या गोळ्या माहीत नाहीत, तो तुम्हाला चुकीचं औषध देऊ शकतो. सेकंड लाइनवर असाल, गोळीत रिटोनाविर असेल, तर हे फारच महत्त्वाचं. रिटोनाविर चालू असताना ब्युडेसोनाइडचा पंप दिला, तर त्यातलं स्टेरॉइड शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, साचत जातं. चेहरा सुजतो, साखर चढते. अटाझानाविर (हेही सेकंड लाइनमधलं औषध) चालू असेल तर ॲसिडिटीच्या पँटोप्राझोलसारख्या गोळीने त्याचा असर कमी होतो. टीएलडी (टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी) चालू असेल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन असेल, तर मेटफॉर्मिनचा डोस दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवावा लागतो. डॉक्टरला यातलं काहीच माहीत नसेल तर दोष त्याचा कसा म्हणायचा?

पण सांगायचं कुणाला आणि कसं, हेही तितकंच जपून ठरवावं लागतं. काउंटरवर सांगायचं नाही. वॉर्डबॉयला नाही, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला नाही, नातेवाइकांसमोर तर मुळीच नाही. मी आता सगळ्यांना चिठ्ठी करायला लावते. घरीच, बरे असताना, स्वतःच्या हाताने लिहायची:

“मी रोज रात्री ९ वाजता टेनोफोविर ३००, लॅमिवुडिन ३००, डोल्युटेग्राविर ५० ही एकत्र गोळी घेते. शेवटचा सीडी-फोर अमुक, व्हायरल लोड अमुक, तारीख अमुक. ही माहिती फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. बेडच्या पाटीवर किंवा केसपेपरच्या वरच्या पानावर लिहू नये.”

तुमची गोळी वेगळी असेल तर तिचं नाव एआरटी सेंटरच्या हिरव्या पुस्तकातून (आपल्या नोंदींच्या वहीतून) बघून लिहा. डॉक्टर राउंडला आले की म्हणायचं, “डॉक्टर, दोन मिनिटं एकांतात बोलायचंय,” आणि घडी केलेली चिठ्ठी हातात द्यायची. बोलायला दम नसेल तरी चिठ्ठी बोलते. मग तीन गोष्टी स्पष्ट विचारायच्या: माझी गोळी माझ्या वेळेला मला कोण देईल? झिंक आणि पित्ताचं औषध तिच्यापासून लांब ठेवाल का? नव्या औषधाचा तिच्याशी काही वाद आहे का? डोल्युटेग्राविर अशा औषधांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं. कॅल्शियम आणि लोह जेवणासोबत एकत्र चालतं, पण दवाखान्यात जेवणाची वेळ आपल्या हातात नसते, म्हणून मी अंतर ठेवायलाच सांगते.

डॉक्टरांना शंका असेल तर त्यांना तुमच्या एआरटी सेंटरशी बोलायला सांगा. १०९७ हा नॅकोचा (सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेचा) मोफत फोन आहे, मार्गदर्शनासाठी तुम्हीही लावू शकता.

आणि बेड नाकारला तर? एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं त्यात बेकायदा आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती फोडणंही बेकायदा आहे. तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना गरजेपुरतं एकमेकांना सांगता येतं, तेवढीच मोकळीक. वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी असणं बंधनकारक आहे. त्याचं नाव विचारा. नुसतं नाव विचारल्यावर बेड मिळालेला मी एकदा डोळ्यांनी पाहिला आहे.

गोळी कुठल्याही कारणाने स्वतःहून बंद करू नका. उलटी होत असेल तरी डॉक्टरांना सांगा, बंद करू नका. अंगात हेपटायटिस बी असेल तर टेनोफोविर आणि लॅमिवुडिन एकदम थांबल्याने लिव्हर पेटून उठतं. आणि दाखल व्हायला निघताना पिशवीत आधी बाटली घाला, लेबलसकट. लॉकडाउनमध्ये ऐरोलीहून ठाण्याला जायला लोकल नव्हती, तेव्हा एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या हातात मिळाल्या म्हणून आमच्यातल्या कितीजणांचं औषध तुटलं नाही. त्या गोळ्या दवाखान्याच्या दारात तुटू नयेत, एवढंच माझं मागणं आहे.

लस

घेतली नसेल तर घ्या, राहिलेला डोसही घ्या. कोविशिल्डमधला विषाणू शरीरात वाढू शकत नाही, कोव्हॅक्सिनमधला मारलेला आहे. सीडी-फोर कमी असताना लस टाळा, हा नियम गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लशींचा आहे. लोकांनी तो कोरोनाच्या लशीला चिकटवला आणि घाबरून कितीजण घरी बसले. खरं तर सीडी-फोर २०० च्या खाली असलेल्यांना लशीचा असर कमी येतो, म्हणून त्यांना एक डोस जास्त लागतो. लस आता प्रत्येक केंद्रावर नसते, फोन करून निघा.

केंद्रावर एचआयव्ही सांगायची गरज नाही. मार्च २०२१ मध्ये ४५ ते ५९ वयाच्यांना आजाराचं सर्टिफिकेट दाखवावं लागायचं आणि त्या यादीत एचआयव्हीही होता. मी तेव्हा ४७ ची. तो कागद टेबलावरच्या अनोळखी मुलाच्या हातात द्यायची माझी हिंमत झाली नाही. १ एप्रिलपासून ४५ च्या पुढच्या सगळ्यांना लस खुली झाली, तेव्हा नंबर लावायचं ठरवलं आणि त्याच महिन्यात मी आजारी पडले. आता असं कुठलं सर्टिफिकेट कुणी मागत नाही.

लस घेतल्यावर दोन दिवस ताप, दंड दुखणं. गोळी रोजच्या वेळेला.

बरं झाल्यावर

सेंटरला जा, किती गोळ्या चुकल्या ते खरं सांगा, व्हायरल लोड कधी करायचा ते विचारा. नवा रिपोर्ट आला की चिठ्ठीवरचा आकडा आणि तारीख बदला. माझी चिठ्ठी आधार कार्डाच्या मागे, त्याच प्लास्टिकच्या पाकिटात असते.