कवितेच्या ओळी प्रबंधात घेण्याआधी

सोलापुरात बसून मराठी कवितेवर लघुप्रबंध किंवा पीएच.डी.चा प्रबंध लिहिणाऱ्याने सगळ्यात आधी ठरवायचं ते एवढंच, की ओळी कोणत्या प्रतीतून घ्यायच्या. पाठ असलेल्या ओळी लिहून काढू नका. मोबाइलवर आलेल्या तर नकोतच. हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात संग्रह हातात घ्या आणि तीन फोटो काढा: मुखपृष्ठानंतरचं शीर्षकाचं पान, त्याच्या मागची बाजू (प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष तिथंच असतं) आणि पृष्ठक्रमांकासकट कवितेचं पान. यातलं मधलं पान बहुतेकांचं राहून जातं, आणि प्रबंध सादर करायच्या आठवड्यात त्या एका वर्षासाठी पुन्हा वाचनालय गाठावं लागतं.

दुसरी तयारी शुद्धलेखनाची, आणि इथं थोडं थांबायला हवं. गद्य उताऱ्यातली वेलांटी चुकली तर ती चूकच, पण अर्थ बहुधा टिकतो. कवितेत वेलांटी बदलली की ओळच मोडते. केशवसुतांच्या ‘तुतारी’ची (१८९३) सुरुवात बघा: ‘एक तुतारी द्या मज आणुनि / फुंकिन मी जी स्वप्राणानें’. दोन्ही ओळी सोळा-सोळा मात्रांच्या आहेत (लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन). दुसरी मोजून पाहा: फुं २, कि १, न १, मी २, जी २, स्व २ (पुढे ‘प्रा’ हे जोडाक्षर आहे म्हणून), प्रा २, णा २, नें २. आता टंकलेखकाने किंवा शुद्धलेखन-तपासनीसाने आजच्या सवयीने ‘फुंकीन’ केलं, तर मात्रा सतरा होतात. ज्या प्रकरणात तुम्ही वृत्ताची चर्चा करताय, त्याच प्रकरणात उदाहरणाचं वृत्त मोडलेलं असतं. ‘स्वप्राणानें’वरचा अनुस्वारही तसाच ठेवायचा. असे अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी आपल्या लेखनातून काढले, कवीच्या छापील ओळीतून नाही. तुमच्या प्रतीत तो नसेल, तर मात्र स्वतःहून घालू नका. मुद्रणदोष उघड दिसत असला तरी ओळ जशीच्या तशी घ्या आणि त्या शब्दापुढे चौकटी कंसात [मूळ पाठ असाच] लिहा.

संदर्भ देण्याच्या एमएलए पद्धतीत तीनपर्यंत ओळी वाक्याच्या ओघात घेता येतात. दोन ओळींमध्ये तिरपी रेघ येते, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा सोडतात आणि कडवं बदललं तर दोन रेघा देतात. त्याहून जास्त ओळी झाल्या की त्या वेगळ्या काढायच्या, डावीकडून अर्धा इंच आत, अवतरणचिन्हांशिवाय. शिकागो या दुसऱ्या पद्धतीत दोन ओळी असल्या तरी वेगळ्या काढतात. म्हणून मार्गदर्शकांना पद्धत आधीच विचारून घ्या.

वर्डमध्ये ओळ तोडताना शिफ्ट दाबून एंटर द्यावं, नाहीतर प्रत्येक ओळीखाली परिच्छेदाची मोकळी जागा पडते. पण मजकूर दोन्ही समासांना जुळवलेला असेल तर अशी तोडलेली ओळ पानभर ताणली जाते आणि ‘द्या’ आणि ‘मज’मध्ये बोटभर खिंडार पडतं. तेवढ्या ओळी डावीकडे जुळवल्या की हा प्रश्न सुटतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधून मजकूर बदलून घेतला असेल तर ‘ऱ्य’ आणि ‘र्य’, ‘ॲ’ आणि दंड (।) एकेक करून तपासा.

ओवी-अभंगांना तिरप्या रेघेचा नियम लावू नये, असं आमचं ठाम मत आहे. ज्ञानेश्वरीची पहिली ओवी बघा: ‘ॐ नमो जी आद्या । वेदप्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’ यात दंड हाच चरणाचा विराम आहे, त्यात आणखी रेघा घातल्या तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. संदर्भ पानाचा न देता अध्याय आणि ओवीचा द्या: (ज्ञाने. १.१). पाठभेदांमुळे, म्हणजे प्रतीप्रतींतल्या मजकुराच्या फरकांमुळे, ओव्यांचे क्रमांक मागेपुढे होतात, म्हणून पहिल्याच उल्लेखात प्रत सांगून टाका. तुकारामांच्या गाथेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत, त्यामुळे नुसता ‘अभंग क्र.’ लिहून भागत नाही. ध्रुपदाची (पुन्हा पुन्हा म्हणायच्या ओळीची) खूण गाळू नये. मधला चरण सोडला तर त्या जागी ओळभर टिंबं द्यावीत.

सोलापूरचे शाहीर रामजोशी यांच्या लावण्या घेणाऱ्यांनी तर एकच संग्रह धरून चालावं. बाडांतून (हस्तलिखित वह्यांतून) आणि गाणाऱ्यांच्या तोंडून आलेली ही रचना, तिच्यात पाठभेद असणारच. दोन संग्रहांतले शब्द एकत्र करून ‘चांगला’ पाठ बनवलात, तर तो कुणाचाच नसलेला पाठ होतो. फरक महत्त्वाचा वाटला तर तळटीपेत दोन्ही द्या.

बाराव्या शतकातल्या सिद्धरामांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि सोलापूरचं ग्रामदैवत तेच असल्याने त्या विषयावर लिहिताना या वचनांवाचून पुढे जाता येत नाही. तिथं मूळ वचन, देवनागरी लिप्यंतर आणि मराठी अनुवाद अशा क्रमाने तिन्ही द्या, आणि अनुवाद कुणाचा तेही लिहा. स्वतःचा असेल तरी लिहा. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ह्रस्वही असतात, लिप्यंतरात त्यांच्यासाठी ऎ आणि ऒ वापरा. ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ ही शेवटची अंकितमुद्रा (वचनकाराची नाममुद्रा) जागा वाचवायला कापू नका. वचन कुणाचं, हे तिच्यावरूनच कळतं.

गझलेचा शेर घेताना दोन्ही मिसरे (ओळी) घ्यावेत. कवितेला शीर्षक नसेल, जसं मर्ढेकरांच्या बऱ्याच कवितांना नाही, तर पहिली ओळच नावासारखी अवतरणचिन्हांत द्या. वर्ष देताना पहिल्या आवृत्तीचं आणि तुमच्या हातातल्या आवृत्तीचं अशी दोन्ही लिहा. पृष्ठक्रमांक मात्र हातातल्या आवृत्तीचाच हवा.

संशोधन आणि समीक्षेसाठी ओळी उद्धृत करायला कायद्याची आडकाठी नाही. पण प्रबंधाचं पुस्तक करताना अख्ख्या कविता छापायच्या असतील तर हक्क बघा. भारतात ते कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं राहतात. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता आता मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या कवितांना परवानगी लागेल.

बांधणीला देण्याआधी छापील प्रत आणि मूळ संग्रह घेऊन दोघांनी समोरासमोर बसावं. एकाने संग्रहातून मोठ्याने वाचावं, ‘नि ऱ्हस्व, अनुस्वार, स्वल्पविराम, दंड’ असं प्रत्येक चिन्ह उच्चारून, आणि दुसऱ्याने प्रतीत पेन्सिलीने बरोबरच्या खुणा कराव्यात. साठेक उद्धृतं असतील तर एक अख्खी दुपार त्यासाठी मोकळी ठेवा.