कार्ड उडालं? आधी नक्कल, मग फोटो

लग्नसराईत जळगाव-धुळ्याकडच्या स्टुडिओवाल्यांचा एक फोन ठरलेला असतो: "कार्ड उडी गयं भो, काहीतरी करा." या वाक्याची मला धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते ती पुढच्या वाक्याची: "तीन-चार सॉफ्टवेअर मारून पाहिले, काही निघालं नाही." माझ्याकडे येणाऱ्या कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांत मूळ बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. खरं नुकसान नंतरच्या खटपटीने केलेलं असतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे हात आवरणं. शूटिंग थांबवा, कार्ड काढा आणि त्याच्या कडेचा छोटा लॉक खाली सरकवा. ड्रोनचं मायक्रो एसडी असेल तर ते अडॅप्टरमध्ये घालून अडॅप्टरचा लॉक लावा. संगणकाने "डिस्क फॉरमॅट करायची का?" विचारलं तर नाही म्हणा. "स्कॅन अँड फिक्स"लाही नाहीच म्हणा. हा पर्याय दिसायला मदतीचा वाटतो, पण तो त्याच कार्डावर लिहितो आणि तुमच्या फोटोंच्या जागी एका फोल्डरात 'सीएचके' शेपटीचे तुकडे टाकून मोकळा होतो. कार्ड फ्रीजमध्ये ठेवा, पिनांवर टूथपेस्ट घासा असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. कार्डात फिरणारा भागच नाही, गार करून काय साधणार? फ्रीजमधून बाहेर काढल्यावर त्यावर दव मात्र धरेल.

फोटो परत का मिळतात, एवढं समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. डिलीट केल्यावर किंवा साधं फॉरमॅट मारल्यावर कार्डावरची फक्त नोंद जाते, फोटोचा मजकूर जागेवरच असतो. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेत जागचं हलत नाही. पण तिथे दुसऱ्याने नांगर घातला की जुनं पीक संपलं. त्या कार्डावर काढलेला प्रत्येक नवा फोटो म्हणजे तो नांगर. काही कॅमेऱ्यांत 'लो लेव्हल फॉरमॅट' असा वेगळा पर्याय असतो. तो मारला असेल तर मात्र आशा ठेवू नका.

आता कार्ड रीडर बदलून पाहा. स्वस्त रीडर आणि सैल यूएसबी यांनी चांगल्या कार्डाचीही बदनामी केलेली आहे. कॉपी केलेला फोटो खाली अर्धा राखाडी दिसत असेल तर तोच फोटो दुसऱ्या रीडरने पुन्हा कॉपी करा. या वेळी पूर्ण आला तर दोष रीडरचा, कार्डाचा नाही. कार्डाची साठवण शून्य किंवा काही एमबी दिसत असेल, किंवा ते कुठल्याच रीडरवर उमटत नसेल, तर आतला कंट्रोलर, म्हणजे कार्डाचा कारभार पाहणारी चिप, गेलेला आहे. तिथे घरचं कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही. आतल्या चिपवरून थेट डेटा वाचणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवा, किंवा खर्च झेपणार नसेल तर सोडून द्या.

नक्कल: इथेच सगळं ठरतं

सगळे लेख या टप्प्यावरून उडी मारून थेट "अमुक सॉफ्टवेअर डाउनलोड करा"वर जातात. माझं मत ठाम आहे: कार्डावर कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवायचं नाही. आधी पूर्ण कार्डाची शेवटच्या बाइटपर्यंत एका फाइलीत नक्कल काढायची, म्हणजे डिस्क इमेज. मग जे काय प्रयोग करायचे ते त्या फाइलीवर. अधू झालेलं कार्ड दर वाचनाला आणखी कुरकुरतं. कधीकधी ते एकदाच धड वाचून देतं. ती एक संधी नक्कलीसाठी वापरायची. तीन सॉफ्टवेअरच्या तीन फेऱ्यांत ती घालवू नका.

कार्ड धडधाकट असेल, म्हणजे चुकून डिलीट किंवा फॉरमॅट झालं असेल, तर विंडोजवर विन३२ डिस्क इमेजर पुरतं. त्यात 'रीड' आणि 'राइट' ही बटणं शेजारीशेजारी आहेत. 'राइट' दाबलंत तर कार्ड पुसलं गेलंच म्हणून समजा. म्हणून तर लॉक आधीच लावायला सांगितला.

खरा घोळ होतो तो अडखळणाऱ्या कार्डाशी. मलाही या टप्प्याने बराच काळ छळलं. साधी साधनं मध्येच कुठेतरी अडली की तिथेच थांबतात, आणि पुढचे सगळे चांगले फोटो वाचलेच जात नाहीत. यावरचा इलाज म्हणजे डीडीरेस्क्यू, हे लिनक्सवरचं नक्कल काढायचं साधन. ते खराब जागेवर डोकं आपटत बसत नाही. ती जागा ओलांडून पुढचं सगळं चांगलं आधी उचलतं आणि उरलेल्यासाठी मागे फिरतं. लिनक्स येत नसेल तरी घाबरू नका. सिस्टमरेस्क्यू नावाचं तयार लिनक्स पेनड्राइव्हवर टाकून संगणक त्यावरून सुरू करा, त्यात डीडीरेस्क्यू आणि फोटो शोधून काढणारं फोटोरेक दोन्ही आयते मिळतात.

आता नीट वाचा. नक्कल ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क घ्या, पण ती फॅट३२ नको. फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि तुमची नक्कल तर अख्ख्या कार्डाएवढी होणार. एनटीएफएस किंवा एक्सफॅट चालेल. मग डिस्कांची यादी काढून कार्ड आकारावरून ओळखा. ६४ जीबीचं कार्ड तिथे ५९ च्या आसपास दिसतं, त्याने गडबडू नका. आज्ञेत आधी कार्डाचं नाव, मग नकलेच्या फाइलीचं, मग मॅप फाइलीचं, असा क्रम असतो. हा क्रम एकदा मोठ्याने वाचून मगच एंटर दाबा.

मॅप फाइल कधीही वगळू नका. कुठवर वाचून झालं आणि कुठे अडलं, हे सगळं तिच्यात नोंदलेलं असतं. मध्येच लाइट गेली, रीडर गोठला, कार्ड नाहीसं झालं, तरी तीच आज्ञा त्याच मॅप फाइलीसह पुन्हा द्या. काम सुटलं तिथून पुढे सुरू होतं. फक्त कार्ड काढून पुन्हा लावल्यावर त्याचं नाव बदलू शकतं, आधी 'एसडीबी' असलेलं 'एसडीसी' होऊन बसतं. यादी पुन्हा बघा. पहिली फेरी 'डॅश एन' लावून करा, म्हणजे हट्टी जागा बाजूला राहतात. त्यांच्यासाठी दुसरी फेरी 'डॅश डी' आणि 'डॅश आर ३' लावून. टक्केवारी ९९ वर अडकली तर अडकू द्या. त्या एका टक्क्यापायी कार्ड रात्रभर तापवत ठेवण्यात शहाणपण नाही.

नक्कल हाती आली की कार्ड डबीत टाका.

पुढचं सोपं आहे. फोटोरेकला ती नक्कल दाखवा. पूर्ण डिस्क, फाइल सिस्टम 'अदर' आणि 'होल' निवडा. फाइलींच्या यादीत लोक 'एनईएफ' किंवा 'सीआर२' शोधतात, सापडत नाही, आणि आपला कॅमेरा यात चालत नाही असं ठरवून मोकळे होतात. हे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फोटोंचे प्रकार, 'टीआयएफ'च्या खाली येतात, त्यावर खूण करा. निघालेल्या फाइलींची मूळ नावं गेलेली असतील. 'टी'ने सुरू होणाऱ्या चिटुकल्या फाइली म्हणजे थंबनेल, त्या बाजूला काढा. बाकीच्या एक्झिफटूलने (फोटोतली माहिती वाचणारं साधन) फोटो काढल्याच्या वेळेनुसार लावल्या की हळद, मांडव, लग्न आपोआप क्रमाने येतं, अर्थात कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असेल तर.

रॉ फाइल उघडत नसेल तर फेकू नका. तिच्या पोटात बहुधा एक जेपेग असतो, तोही एक्झिफटूलने काढता येतो. उलट, थंबनेल दिसतंय म्हणून फोटो आहेच असं धरून गिऱ्हाईकाला शब्द देऊ नका, कारण थंबनेल फाइलीच्या सुरुवातीलाच वेगळं साठवलेलं असतं. व्हिडिओची खात्री मी कोणालाच देत नाही. मोठ्या फाइली कार्डावर तुकड्यातुकड्यांत पसरलेल्या असतात आणि फोटोरेकला ते तुकडे जोडता येतीलच असं नाही.

पुन्हा ही वेळ नको असेल तर

आपल्याकडे खापर उन्हावर फोडायची सवय आहे. भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेला की सगळे कार्डाला दोष देतात. चांगल्या कार्डाची मर्यादा बहुधा ८५ अंशांपर्यंत दिलेली असते, मांडवातल्या उकाड्याने त्याला काही होत नाही. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र काहीच ठेवू नका. आपल्याकडे उन्हापेक्षा धूळ जास्त नडते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उघड्यावर कार्ड बदलायचं नाही, बॅगेत हात घालून बदला. पिना पुसायच्या त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने. तोंडाने फुंकलं की थुंकीच उडते.

बॅटरी शेवटच्या घरावर आली की बदला. लाल दिवा लुकलुकत असताना कार्डाचं झाकण उघडू नका. दोन स्लॉट असतील तर दुसरा 'बॅकअप'वर ठेवा, 'ओव्हरफ्लो'वर नको. २५६ जीबीच्या एका कार्डात अख्खं लग्न कोंबण्यापेक्षा ६४ ची चार कार्डं बरी. मांडवात बसून एकेक फोटो डिलीट करायचा चाळा सोडा. घाईत भलताच फोटो उडतो, आणि मोकळ्या जागेचे तुकडे पडले की पुढे रिकव्हरीही अवघड होते. फॉरमॅट संगणकात नाही, कॅमेऱ्यातच करा, आणि तोही दोन ठिकाणी कॉपी झाल्यावर. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला जात असाल तर जादा कार्डं न्या. भरलेलं कार्ड घरी येऊन कॉपी होईपर्यंत पुन्हा वापरायचं नाही.

नवं कार्ड आलं की त्याच दिवशी तपासा: विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३. ही साधनं कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून पडताळतात. बनावट कार्ड १२८ जीबी सांगतं आणि आत त्याच्या पाव हिस्साही नसतो. तेवढी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, पुढच्या फोटोंची फक्त नावं दिसतात.

आणि एकदा नखरे केलेलं कार्ड फॉरमॅट करून पुन्हा लग्नाला नेऊ नका. मार्करने फुली मारा आणि अल्बम गिऱ्हाईकाच्या हातात पडेपर्यंत जपून ठेवा. त्यानंतर कात्री घाला.