ठाणे-नवी मुंबईत पूर्वजांचा शोध: आडनाव बाजूला ठेवा, फेरफार धरा

वंशावळ काढायची म्हटलं की बहुतेक जण आडनाव घेऊन शोधायला लागतात. ठाणे जिल्ह्यात तो रस्ता फार लवकर संपतो. आगरी, कोळी, कुणबी, आदिवासी कुटुंबांच्या जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसतंच, नुसतं 'गोमा बिन हिरा', म्हणजे हिराचा मुलगा गोमा, असतं. शिवाय एकाच गावातले दोन 'पाटील' भावकीतले असतीलच असं नाही. तेव्हा आधी तीन गोष्टी पक्क्या करा: मूळ गाव, त्या काळचा तालुका आणि जमिनीचा सर्व्हे नंबर. त्यांवरूनच फेरफार, म्हणजे जमिनीच्या कागदावर नाव बदलल्याची दप्तरी नोंद, शोधता येते.

तालुका नीट पाहा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, त्यामुळे वसई, डहाणू, जव्हारकडच्या जुन्या कागदांवर जिल्हा ठाणेच दिसेल. अंबरनाथ, उल्हासनगरकडच्या गावांची जुनी नोंद कल्याण तालुक्यात असते. खारघर, कामोठे आज नवी मुंबईत धरले जातात, पण त्यांचं दप्तर पनवेलचं, जिल्हा रायगड. आणि १९८१ च्या आधीच्या कागदावर कुलाबा, कारण रायगड जिल्ह्याचं तेव्हाचं नाव तेच.

शोध घरातूनच सुरू होतो. म्हाताऱ्या माणसांना 'वंशावळ सांगा' म्हटलं तर ती गडबडतात. त्याऐवजी पितृपक्षात कुणाकुणाची नावं घेतात ते विचारा. महालयाच्या यादीत वडील, आजोबा, पणजोबा येतात, आई, आजी, पणजी येतात, आईच्या माहेरचे तीन पुरुषही येतात. म्हणजे बायकांच्या बाजूचा जो तपशील सरकारी दप्तरात सहसा सापडत नाही, तो इथे मिळतो. वर्षश्राद्धाचा महिना आणि तिथीही लिहून घ्या. वर्ष कळलं की पंचांगावरून मृत्यूची तारीख काढता येते.

आता फेरफार. सातबाऱ्यावर नाव जोडलं किंवा कमी केलं की त्याची नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार वहीत, होते आणि तिचा क्रमांक सातबाऱ्यावर वर्तुळात येतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी झालेल्या नावाला कंस केलेला असतो. तो कंस आणि शेजारचा क्रमांक म्हणजे तुमची मागची पिढी. त्या क्रमांकाची नक्कल मागवा, त्यातून आणखी जुना क्रमांक मिळेल, असं करत मागे जा. बहुतेक गावांत ही साखळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पोचते.

वारस फेरफार सावकाश वाचा. समजा नोंद अशी आहे: 'गोमा बिन हिरा मयत. वारस मुलगे पांडू व बाळू, बाळू अ.पा.क. आई जानकी.' एवढ्या ओळीत तीन पिढ्या आल्या. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून बाळू तेव्हा अठराच्या आतला आणि जानकी हयात. 'ए.कु.मॅ.' असेल तर ते नाव एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरचं, त्यामागे नोंद न झालेले भाऊ असू शकतात. नोंदीची तारीख मृत्यूची समजू नका. वारस नोंद कित्येकदा दहा-पंधरा वर्षांनी केलेली असते. १९५६ च्या वारसा कायद्याआधी मुलींची नावं सहसा येत नाहीत. त्यानंतर मात्र हक्कसोडपत्राचे, म्हणजे बहिणींनी आपला वाटा सोडल्याचे, फेरफार जरूर काढा. बहिणींची सासरची नावं त्यात हमखास मिळतात.

पूर्वज मालक नसून कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, असेल तर त्याचं नाव सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' किंवा पीकपाहणीच्या रकान्यात सापडेल, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतरच्या (कूळ कायद्याने कुळं मालक मानली गेली तो दिवस) फेरफारांत तेच नाव कब्जेदार म्हणून वर येताना दिसेल.

स्कॅन केलेले जुने सातबारे आणि फेरफार सरकारच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर बघता येतात. तिथे पान अंधुक असेल किंवा नसेलच, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज करा. अर्जात मौजे, सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक आणि सालांची मर्यादा लिहा. 'आमच्या घराण्याचे सर्व कागद' असा अर्ज केला तर हाती काही लागत नाही.

बेलापूर पट्टीतल्या गावांत एक वेगळी अडचण येते. १९७० नंतर जमिनी सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, संपादित झाल्या, त्यामुळे आजच्या उताऱ्यावर घरच्या माणसांचं नावच नसतं. तिथे संपादनाचा फेरफार शोधा, मग भूसंपादनाचा निवाडा मागा. साडेबारा टक्के योजनेसाठी (संपादित जमिनीच्या बदल्यात भूखंड देणारी योजना) केलेली वारसांची कागदपत्रं घरच्या ट्रंकेत असतील, तर वंशावळीचा मोठा भाग त्यात तयारच असतो.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. त्यात बाळाचं नाव बहुधा नसतं, 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं, म्हणून बापाच्या नावाने शोधा. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा उपयोगी आहे, फक्त १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती मास्तरांनी अंदाजाने घातलेली असण्याची शक्यता धरा. ख्रिस्ती कुटुंबांनी आधी आपल्या चर्चची बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची पुस्तकं पाहावीत. बाहेरून ठाण्यात येऊन स्थायिक झालेल्यांनी वरचे सगळे कागद मूळ गावच्या तालुक्यात शोधायचे, आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे त्या गावाच्या नावाने वही विचारायची.

जुने कागद मोडीत असतील. वाचून घेताना लिप्यंतर ओळीस ओळ मागा, सारांश नको, कारण बिन, वलद (दोन्ही 'चा मुलगा'), कोम ('ची बायको') हे शब्द सारांशात गळतात आणि नातं त्यांच्यावरच ठरतं. शके दिलं असेल तर ७८ मिळवा. जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९.

सगळ्यात जास्त घोटाळा सारख्या नावांनी होतो. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे 'हिरा गोमा' आणि 'गोमा हिरा' आलटून पालटून येत राहतात. प्रत्येक माणसाला क्रमांक द्या, नावापुढे कागद, साल आणि सर्व्हे नंबर लिहा. बाप-लेकाच्या वयात पन्नास-साठ वर्षांचं अंतर दिसलं तर मधली एक पिढी सुटली आहे असं समजून त्या दोन सालांमधले फेरफार पुन्हा काढा. दोन कागद जुळेपर्यंत ते नाव पेन्सिलीनेच लिहा.